आमच्या वन्सं हिशेब लिहितात

माझ्या नणंदेइतकं खणखणीत 'नाही' म्हणणारं माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही, हे लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. आपण सगळे 'नाही' म्हणताना थोडे ओशाळतो, काहीतरी कारण सांगतो, पुढच्या वेळी नक्की म्हणतो. वन्संच्या 'नाही'ला मागे-पुढे काही नसतं. ओट्यावर पितळी तांब्या ठेवावा तसा तो शब्द त्या समोर ठेवतात आणि आवाज विरेपर्यंत माणसाकडे बघत राहतात. त्यांना बघायला आलेल्या तिसऱ्या मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी हातात घेऊन विचारलं होतं म्हणे, "लग्नानंतर नोकरी सोडाल ना?" वन्सं "नाही" म्हणाल्या, आणि त्या गृहस्थांचा चमचा तोंडाजवळच थांबला. पुढे कुणी बघायला आलंच नाही. वन्संच्या मते त्यामुळे पोह्यांचा खर्च वाचला.

नोकरी मात्र त्यांनी सोडली, पण ती स्वतःच्या मर्जीनं. सातपूरच्या एका कारखान्यात त्या अकाउंट्सला होत्या. एकदा मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही जरा चहाचं बघा." वन्संनी चहाचं बघितलं. म्हणजे, आलेला चहा शांतपणे बसून प्यायल्या, कप विसळून ठेवला आणि जागेवर जाऊन राजीनामा लिहिला. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून आमच्याच इमारतीत तळमजल्याच्या दोन खोल्यांत बसून त्या छोट्या छोट्या धंद्यांचे हिशेब लिहितात. दारावर पाटी आहे : 'हिशेब लिहून मिळतील. आहेत तसे.' ही दुसरी ओळ वाचूनच निम्मी गिऱ्हाइकं परत जातात. माझे यजमान, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, एकदा धीर करून म्हणाले होते, "ताई, ती खालची ओळ काढलीस तर?" उत्तर सांगायची गरज नाही.

लोक त्यांना 'सीए मॅडम' म्हणतात, आणि वन्सं प्रत्येक वेळी, प्रत्येकाला, भर लग्नात असल्या तरी थांबवून सांगतात, "मी सीए नाही. दोन परीक्षा दिल्या, तिसरीच्या वेळी वडील आजारी पडले. मी हिशेब लिहिते." सांगताना आवाज जरासुद्धा खाली येत नाही. उलट ऐकणाऱ्यालाच वाटतं, आपण उगाच एखादी परीक्षा पास झालो की काय! गिऱ्हाइकांना त्या नावानं कधी ओळखत नाहीत, फाइलवर जे लिहिलंय त्यानं ओळखतात. पिठाच्या गिरणीवाला म्हणजे 'चक्की', येवल्याचा पैठणी विणणारा म्हणजे 'पैठणी', दिंडोरीचा द्राक्षवाला म्हणजे 'बेदाणा'. मी नवी नवी असताना जेवताना एकदम म्हणाल्या, "बेदाण्याला मुलगी झाली. आणि चक्कीचं आज अपेंडिक्स काढलं." मी घास हातात धरून सासूबाईंकडे बघितलं. त्या आमटी वाढत होत्या. त्यांना सवय होती.

या बेदाण्यानं एकदा आनंदानं द्राक्षांची पेटी आणून दारात ठेवली. वन्संनी शेजारच्या वाण्याकडून वजनकाटा आणवला, पेटी तोलली, बाजार समितीत फोन करून त्या दिवसाचा भाव विचारला आणि तेवढी रक्कम त्याच्या फीमधून वजा करून रीतसर पावती त्याच्या हातात दिली. तो बिचारा रडकुंडीला आला. "मॅडम, मी प्रेमानं आनली ओ!" वन्सं म्हणाल्या, "प्रेम पोचलं. द्राक्षं वेगळी." येवल्याच्या पैठणीची गोष्ट तर त्याच्या सगळ्या नात्यात सांगितली जाते. रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि ओटीपी जायचा त्याच्या मोबाइलवर. तो होता मुलाच्या लग्नात, अगदी बोहल्याशेजारी. मंगलाष्टकं चालू असताना वन्संनी अकरा वेळा फोन केला. बाराव्यांदा त्यानं उचलला तेव्हा म्हणाल्या, "अक्षता खिशात ठेव आणि सहा आकडे सांग." त्यानं सांगितले. भटजींनाही वाटलं, काहीतरी मुहूर्ताचंच असेल, म्हणून तेही थांबले.

फक्त एकदा वन्संना त्यांच्या नीटनेटकेपणानं दगा दिला. दुकानदार पिशवीत कोंबून बिलं आणतात, त्या चुरगळलेल्या कागदांचा त्यांना मनापासून राग. एका दुपारी त्यांनी वर येऊन माझी इस्त्री नेली आणि 'ट्रॅक्टर'ची वर्षभराची बिलं एकेक करून दाबायला घेतली. पहिली दहा झकास निघाली. अकरावं होतं पेट्रोल पंपाचं, त्या गुळगुळीत कागदाचं. इस्त्री टेकली आणि कागद क्षणात काळाकुट्ट! त्यांना वाटलं इस्त्री खराब, म्हणून दुसरं बिल घेतलं. तेही काळं. चार बिलं गेल्यावर त्या इस्त्री हातात धरून वर आल्या आणि मलाच म्हणाल्या, "वहिनी, तुझी इस्त्री खोटी बिलं ओळखते का बघ!" मी हसले. त्याही हसल्या. मग स्वतः पंपावर गेल्या, उन्हात दोन तास उभ्या राहिल्या आणि चारही बिलांची नक्कल घेऊनच परत आल्या.

अशा या बाईच्या आयुष्यात जी मोठी लढाई झाली ती मी स्वतः पाहिली आहे, म्हणून ती नीट सांगते.

वन्संची सगळ्यात मोठी फाइल होती 'पातेलं'. शहरातलं भांड्यांचं जुनं, मोठं दुकान. दुकान काढलं ते मोठ्या शेठनी. ते आता थकले होते, पंचवटीतल्या घरीच असायचे. कारभार पाहायचे त्यांचे चिरंजीव, धाकटे शेठ. आणि गल्ल्यावर बसायचे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, ज्यांना सगळा बाजार 'चाचा' म्हणे. बत्तीस वर्षं ते त्या गल्ल्यावर होते. वन्संनी त्यांना पहिल्याच वर्षी शिकवून ठेवलं होतं : गल्ल्यातून कुणीही, अगदी मालकानंही, पैसे उचलले तरी चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवर सही घ्यायची. धाकटे शेठ हसत सही करायचे. "चाचा, तुमच्या मॅडम म्हणजे पोलीस स्टेशन आहेत," म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी वन्संना थालीपीठ द्यायला खाली गेले, तर धाकटे शेठ समोरच्या खुर्चीत. टेबलावर काजूकतलीचा डबा. मी आत स्वयंपाकघरात थांबले, पण दार उघडंच होतं.

"मॅडम, एक छोटीशी एन्ट्री आहे," शेठ म्हणाले.

"छोटी एन्ट्री सांगायला मालक स्वतः येत नाही. बोला."

शेठनी घसा साफ केला. वर्षभरात गल्ल्यातून जी रक्कम कमी आली आहे, ती चाचांच्या नावावर दाखवायची, असं त्यांचं म्हणणं. "वय झालंय हो त्यांचं. लक्षात राहत नाही, झालं असेल हातून. आपण काही तक्रारबिक्रार करणार नाही. त्यांनी काम सोडायचं, त्यांचं जे काही देणं निघतं ते त्यात वळतं करायचं. वडिलांनाही हिशेब दाखवायचा असतो ना वर्षाचा. सगळ्यांचंच सोपं होईल."

"ते पैसे तुम्ही नेलेत," वन्सं म्हणाल्या. "चौतीस चिठ्ठ्या आहेत. सगळ्यांवर तुमची सही आहे."

"चिठ्ठ्यांचं काय मॅडम, हरवतात."

"माझ्याकडे हरवत नाहीत."

शेठ हसले. दोन बोटांनी डबा पुढे सरकवला. "विचार करा. तुमची निम्मी कमाई आमच्या पेढीची आहे. बाजारातली दहा दुकानं माझ्या शब्दावर तुमच्याकडे आली. आली तशी जातील."

"नाही."

"म्हणजे जाणार नाहीत?"

"म्हणजे एन्ट्री होणार नाही."

शेठ उठले. "मग शनिवारी माणूस पाठवतो. आमच्या फाइली बांधून ठेवा."

"यादीसकट ठेवते. माणसानं सही करून न्यायच्या."

ते गेले. डबा तसाच राहिला होता. वन्सं तो उचलून त्यांच्या मागे गेल्या, त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि मागे वळूनही न बघता परत आल्या. मी पाण्याचा पेला पुढे केला. पेला घेताना पाणी साडीवर सांडलं. "रागानं," त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं.

दुपारी चाचा आले. त्यांना दुकानात सांगून झालं होतं. खुर्ची दिली तर बसेनात, उंबऱ्याजवळच टेकले. "बाई, बत्तीस साल झाले. एक रुपया कधी खिशात टाकला नाही. आता नातीला काय सांगू, दादाजानला का काढला म्हणून?"

"तुम्ही चोर नाही. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"तुमच्या लिहिण्याला कोण विचारतो, बाई?"

वन्संना हे लागलं. मी बघत होते, चेहरा लाल झाला. "विचारायला लावते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या वर आल्या. काखेत फाइल. "वहिनी, साडी बदल. पंचवटीत जायचंय." मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. आकड्यांशी माझा संबंध हजेरीपुरता. "मी येऊन काय करू?" म्हटलं. "साक्षीला ये. आणि रिक्षात फाइल धर, वाऱ्यानं उडायला नको." वाटेत मी न राहवून विचारलं, "वन्सं, ही चहाडी नाही का होणार?" तर म्हणाल्या, "मोठे शेठ अजून निम्म्याचे भागीदार आहेत, कागदावर सही आहे त्यांची. भागीदाराला वही दाखवणं माझं कामच आहे. शनिवारपर्यंत मी त्यांची हिशेबनीस आहे. आज गुरुवार."

मोठे शेठ गॅलरीजवळच्या पलंगावर बसले होते. वन्सं कानाशी वाकून हळू म्हणाल्या, "तुमच्याशी खासगी बोलायचं होतं." शेठ म्हणाले, "आँ?" वन्सं जरा मोठ्यानं म्हणाल्या, "खासगी!" शेठ म्हणाले, "कासव कशाला?" तेव्हा आमच्या ध्यानात आलं की मोठ्या शेठना जवळजवळ काहीच ऐकू येत नाही.

आता दुसरं कुणी असतं तर परत फिरलं असतं. वन्संनी पदर खोचला, फाइल उघडली आणि कीर्तनकारासारखा आवाज लावला. "चिठ्ठी पहिली! पंचवीस हजार! नेले तुमच्या मुलानं!" स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड बंद झाली. "चिठ्ठी दुसरी! चाळीस हजार! नेले तुमच्या मुलानं!" समोरच्या गॅलरीत एक बाई शर्ट वाळत घालत होती, ती तो एकच शर्ट पुढची पंधरा मिनिटं झटकत राहिली. आत कुकरची शिट्टी झाली तेव्हा वन्सं थांबल्या, आणि शिट्टी संपल्यावर ती चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला हसूही येत होतं आणि पळून जावंसंही वाटत होतं. सूनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना बघून वन्संचा आवाज एक सूरसुद्धा खाली आला नाही.

एकोणिसाव्या चिठ्ठीला मोठ्या शेठनी हात वर केला. ती चिठ्ठी मागून घेतली, उशीखालचं भिंग काढलं आणि बराच वेळ सहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही सही मी शिकवली त्याला. पाटीवर गिरवून घेतली होती."

समोरचा शर्टसुद्धा थांबला होता. वन्संनी फाइल मिटली. "बाकीच्या वाचू का?" हे त्यांनी अगदी हळू विचारलं, आणि आश्चर्य म्हणजे ते शेठना ऐकू गेलं.

"नको. चाचाला बोलवा." मग भिंग उशीखाली ठेवत म्हणाले, "तुमचं काम जाईल, बाई. पोरगा तुम्हाला ठेवणार नाही. आता माझं तरी किती चालतंय?"

"ते कालच गेलं," वन्सं म्हणाल्या.

मोठे शेठ त्या संध्याकाळी गाडी काढायला लावून कितीतरी वर्षांनी दुकानात गेले. सगळ्या नोकरांसमोर चाचांना गादीवर शेजारी बसवलं, त्यांचं असेल नसेल ते सगळं देणं त्यांच्या हातात ठेवलं आणि हात जोडले. चाचांनी पैसे घेतले, मोठ्या शेठना मिठी मारली आणि घरी गेले. परत या म्हणून निरोप आला तेव्हा त्यांनीही 'नाही' म्हणून कळवलं. हे ऐकून वन्सं इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्वतःहून शिरा केला.

शनिवारी माणूस आला, यादीवर सही करून फाइली घेऊन गेला. आणि मग बाजारात बोलणं सुरू झालं. धाकटे शेठ प्रत्येक दुकानात चहा पिताना सांगत, "मॅडमचे डोळे गेलेत हो. तीनचा आठ करतात. आम्हीच काढून घेतलं काम." महिनाभरात नऊ फाइली गेल्या. एकानंही तोंडावर कारण सांगितलं नाही. कुणाचा भाचा शिकून आला होता, कुणाला ऑनलाइन स्वस्तात मिळत होतं. वन्सं प्रत्येकाची यादी करून सही घेत राहिल्या. माझे यजमान म्हणाले, "ताई, जरा नमतं घ्यायला हवं होतंस." त्या म्हणाल्या, "नमतं घेऊन घेऊन तुझी पाठ दुखते. माझी बघ, एकदम सरळ आहे."

राहिले ते राहिले. बेदाणा राहिला, पैठणी राहिली. चक्कीवाला तर मुद्दाम सांगायला आला, अंगावर पीठ तसंच. "मॅडम, ते म्हनत्यात तुमाला दिसत नाय. मी म्हनलं, मला तरी कुठं दिसतंय पिठात? हिशेब लिवायला डोळे नाय लागत, दानत लागती." वन्संनी त्याला आधी पायपुसण्यावर उभं केलं आणि मग पाणी दिलं.

खरं सांगायचं तर धाकट्या शेठच्या त्या खोट्यात थोडं खरं होतं, आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं. वन्संना नीट दिसत नव्हतं. त्यांनी ते आमच्यापासूनही लपवलं होतं. स्कूटर विकली तेव्हा म्हणाल्या, पार्किंग मिळत नाही. पेपर बंद केला तेव्हा म्हणाल्या, वाचण्यासारखं काही नसतं. एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी कपाच्या शेजारी चहा ओतला, तेव्हा मी हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. रक्तातल्या साखरेनं डोळ्याचा पडदा खराब झालेला. डावा डोळा गेल्यातच जमा, उजवा सांभाळायचा, तोही डोळ्यात इंजेक्शनं घेऊन. "नाही," वन्सं म्हणाल्या. डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "मग हिशेब कोण लिहिणार?" वन्संनी इंजेक्शनच्या बिलात कोणता कर कसा लावलाय ते विचारलं, दोनदा समजून घेतलं, आणि खुर्चीत मान मागे टेकली.

आता त्या कॉम्प्युटरवर बोटाएवढी अक्षरं करून काम करतात. एका पडद्यावर जेमतेम चार ओळी मावतात. मी खाली जाऊन बसते. बोलावलं नाही तरी बसते. त्याही हाकलत नाहीत. फार तर, "कामाशिवाय बसायला हे काय देऊळ आहे?" असं पुटपुटतात.

परवा दुपारी अशीच शेंगा सोलत बसले होते. वन्सं चक्कीचं विजेचं बिल डोळ्याजवळ नेत होत्या, लांब धरत होत्या, खिडकीकडे वळवत होत्या. मी मुद्दाम शेंगांकडेच बघत राहिले. शेवटी त्यांनी बिल टेबलावर ठेवलं.

"वहिनी, इकडे ये. हा आठ आहे की तीन?"

तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी मला, किंवा माझ्यासमोर दुसऱ्या कुणाला, स्वतःला उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. मी हात पुसून जवळ गेले.

"आठ," मी म्हटलं.

बँकेनं दिलेला आकडाही दोनदा पडताळल्याशिवाय न लिहिणारी ती बाई. त्यांनी मान हलवली आणि आठ लिहिला. नुसता माझ्या शब्दावर. मग पुढचं बिल न बघताच माझ्या हातात दिलं. "वाच."

मी खुर्ची ओढून घेतली. पण ते वाचण्याआधी पहिलं बिल उचलून, खिडकीशी नेऊन, पुन्हा एकदा नीट बघितलं.

आठच होता.